मोती जेवत नाही

शाळेत मुलांना मराठी शिकवणारी बाई आज कुत्र्याच्या जेवणावर का लिहिते आहे, असे आपल्याला वाटेल. आपल्या बेटावर 'आमचा कुत्रा जेवत नाही' ही तक्रार फारशी ऐकू येत नाही. माझ्या लहानपणी वाक्वाला आमच्या घरामागे एक काळा कुत्रा असे. पातेल्याला लागलेली भाताची खरवड, माशाचे डोके, कालची शिळी रोटी, जे समोर पडेल ते तो दोन घासांत संपवी आणि वर पातेलेही चाटून लख्ख करी. त्याला काय आवडते हे कोणी विचारले नाही आणि त्यानेही कधी सांगितले नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या मोठ्या सुट्टीत मी अमेरिकेला, न्यू जर्सी राज्यातील एडिसन गावी, माझ्या मावशीकडे गेले होते. काका वारल्यावर मावशीला तिच्या मुलीने तिकडे नेले, त्याला आता चार वर्षे झाली. माझी मावसबहीण आणि तिचे यजमान दोघेही नोकरी करतात. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. एडिसनला ओक ट्री रोड नावाचा रस्ता आहे. तेथे साड्या, मिठाई, कढीपत्ता, पूजेचे साहित्य, सारे काही मिळते. कडाक्याची थंडी नसती, तर आपण भारतातल्या एखाद्या बाजारात उभे आहोत असेच वाटावे.

या घरातला सहावा सभासद म्हणजे मोती. तपकिरी रंगाचा, मध्यम बांध्याचा, साधारण सात वर्षांचा कुत्रा. निराधार कुत्र्यांच्या निवाऱ्यातून त्याला आणले होते. मुलांनी ठेवलेले इंग्रजी नाव मावशीच्या जिभेवर बसेना. तिने मोती म्हणायला सुरुवात केली आणि तो मोतीच झाला.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता मावसबहिणीने मोतीच्या थाळीत पिशवीतले कोरडे दाणे ओतले. मोती आला, त्याने वास घेतला, एक दाणा तोंडात घेऊन खाली टाकला आणि पाठ फिरवून तो मावशीच्या खुर्चीखाली जाऊन बसला. "बघ ताई," बहीण म्हणाली, "रोजचं हे असंच. महागातली महाग पिशवी आणली, चार कंपन्या बदलल्या, पण साहेबांना काही पसंत पडत नाही. सगळे लाड आईचे!" मावशी काही बोलली नाही. सारे कामाला आणि शाळेला निघून गेल्यावर ती उठली. तिने गरम भात घेतला, त्यावर तूप सोडले, रात्रीच्या रुगायचा रस घातला आणि तो कालवून मोतीपुढे ठेवला. मोतीने थाळी पुसून काढली.

मी म्हटले, "मावशी, असं कसं?" तेव्हा तिने मला संत नामदेवांची गोष्ट सांगितली. आपण सर्वांनी ती कीर्तनात ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस, तूप लावून देतो म्हणत. "नामदेवांना कळलं होतं," मावशी म्हणाली, "आणि आपण या मुक्या जिवापुढे खडे ओततो."

आता नामदेवांपुढे मी काय बोलणार? पण दोन दिवसांनी याच गोष्टीवरून मायलेकींचे चांगलेच वाजले. लेक म्हणाली, तू त्याला बिघडवलेस. आई म्हणाली, तुम्ही त्याला उपाशी मारता. दोघींनीही माझ्याकडे पाहिले. मी शाळामास्तरीण. दोन मुले भांडत आली की मी वही काढायला सांगते, तीच सवय येथेही कामी आली.

एका दिवसाची नोंद

स्वयंपाकघरात एक वही बांधून ठेवली आणि सर्वांना सांगितले की मोतीच्या तोंडात जे जे जाईल ते वेळेसह लिहायचे. कोणावर रागवायचे नाही, फक्त लिहायचे. एका दिवसाची नोंद अशी होती. सकाळी सात, दाणे, नकार. सव्वासात, मुलाच्या ताटलीतले अंडे. नऊ, भात, तूप आणि रुगाय. अकरा, बिस्किट. साडेबारा, मावशीच्या पोळीतला अर्धा भाग. दुपारी दोन, टपालवाल्याने खिशातून काढून दिलेले बिस्किट. साडेतीन, मुलीने दिलेले चीज. सहा, दाणे, नकार. सात, यजमानांनी उघडलेल्या डब्यातले मांस. रात्री नऊ, मुलाच्या पिझ्झाची कड.

म्हणजे ज्या दिवशी कुत्रा 'दोन्ही वेळा जेवला नाही', त्याच दिवशी तो आठ वेळा खाऊन झोपला होता. आणि यात वाईट हेतूने कोणीच काही दिले नव्हते. प्रत्येकाला वाटत होते की सकाळपासून बिचाऱ्याच्या पोटात काही नाही.

प्रशिक्षणाच्या काळात आम्ही पावलोवचे कुत्रे परीक्षेपुरते पाठ केले होते. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, एवढे लिहिले की गुण मिळत. ज्या वागण्याला बक्षीस मिळते ते वागणे वाढते, हेही लिहिले होते. एडिसनच्या त्या स्वयंपाकघरात तो धडा मला उलट्या बाजूने दिसला. दाण्यांकडे पाठ फिरवली की तुपाची वाटी येते, हे मोती शिकला होता. मोतीने पाठ फिरवली की आपण वाटी आणायची, हे घरातली पाचही माणसे शिकली होती.

प्रकरण येथेच संपते असे मला वाटले. लाड थांबवा, कुत्रा सुधारेल. पण वहीत मावशीने मराठीत एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'डाव्या बाजूने चावत नाही.' मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "अगं, किती दिवस सांगतेय. दाणा तोंडात घेतो, मान वाकडी करतो आणि टाकून देतो. मऊ दिलं की खातो. पण म्हातारीचं कोण ऐकतं?"

डॉक्टरीणबाईंकडे

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी मोतीचा ओठ वर उचलून पाहिले. वरच्या जबड्यात डाव्या बाजूची मोठी दाढ उभी चिरली होती. भूल देऊन क्ष-किरणांचे छायाचित्र काढले तेव्हा मुळाशी पू झालेला दिसला. हरणाच्या शिंगाचा एक टणक तुकडा दात साफ राहावेत म्हणून दुकानातून आणला होता. मोती तो तासन्‌तास चघळत असे. दाढ त्यानेच गेली असावी, असे बाई म्हणाल्या. त्यांचा साधा नियम असा की जी वस्तू आपल्या गुडघ्यावर आपटली तर आपल्याला लागेल, ती कुत्र्याला चावायला देऊ नये.

म्हणजे मोती हट्टीही होता आणि त्याला दुखतही होते. लेकीचेही खरे होते आणि आईचेही.

पण वहीतल्या एका शब्दावर बाई अडल्या. 'रुगाय म्हणजे काय?' आम्ही सांगितले की टोमॅटो, कांदा, लसूण, आले, मिरची. त्यांचा चेहरा बदलला. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एक दिवस थोडे पोटात गेले तर कदाचित काही दिसणारही नाही, पण रोज थोडे थोडे गेले तर रक्त कमी होऊ लागते. मोतीचे रक्त तपासले, तर तांबड्या पेशी थोड्या कमीच निघाल्या. मावशीने पदर तोंडाला लावला. गाडीत बसेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्याला विष घालत होते का गं?"

मी तिला सांगितले ते वाचकांनाही सांगते. आपल्या घरांत कांदा-लसणाशिवाय फोडणी होत नाही, आणि उरलेले कालवण कुत्र्याच्या भातावर ओतणे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आपल्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. आता कळले आहे, तर आजपासून ओतू नये. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तेव्हा शिऱ्यातला बेदाणाही देऊ नये. चॉकलेट, मॅकॅडेमिया नावाचे फळ, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल हेही घातक. शिजवलेली हाडे मोडून टोकदार होतात व आतड्यात रुततात, म्हणून तीही नकोत.

याच गावातली जुनी गोष्ट

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. ती याच गावची असल्याने मला विशेष वाटली. एडिसनचे नाव पूर्वी रॅरिटन टाउनशिप होते. थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा येथे होती, म्हणून १९५४ साली गावाला त्यांचे नाव दिले. त्याआधी, १९२८ साली, मार्क मॉरिस नावाच्या तरुण पशुवैद्याने येथे कुत्र्यामांजरांसाठी रॅरिटन हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स हे रुग्णालय उघडले. त्या काळी पशुवैद्य म्हणजे घोड्यागुरांचा डॉक्टर. कुत्र्यामांजरांचे वेगळे रुग्णालय ही नवलाईच होती.

त्याच १९२८ साली मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची वाटाड्या कुत्री घेऊन अमेरिकेत परतला. आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून नेणारी ही कुत्री पाहायला न्यूयॉर्कमध्ये वार्ताहर जमले होते. पुढच्याच वर्षी डोरोथी यूस्टिस या बाईंच्या साहाय्याने 'द सीइंग आय' ही संस्था निघाली. १९३१ पासून ती न्यू जर्सीतच असून आजही वाटाड्या कुत्री तयार करते. पहिली बडी १९३८ साली वारली. फ्रँकने पुढच्या प्रत्येक कुत्र्याचे नाव बडी हेच ठेवले.

१९३९ साली या नव्या बडीची मूत्रपिंडे बिघडली. आंधळ्याचे डोळेच आजारी पडले म्हणा ना. फ्रँक त्याला डॉक्टर मॉरिस यांच्याकडे घेऊन आला. मॉरिस यांचे म्हणणे असे की मूत्रपिंडावरचा भार अन्नातूनच हलका करता येईल. त्यांनी प्रथिने आणि मीठ मोजून कमी केलेले जेवण ठरवले. त्यांच्या पत्नी लुईझ ते घरच्या चुलीवर शिजवून काचेच्या बरण्यांत भरीत. फ्रँकचा प्रवास सतत चाले आणि बरण्या वाटेत फुटत, म्हणून पुढे डबे बंद करण्याचे हातयंत्र आणले. मागणी वाढली तेव्हा १९४८ साली कॅन्सस राज्यातील टोपीका येथील हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला. आज जगभर पशुवैद्य आजारी कुत्र्यांना जे विशेष अन्न लिहून देतात, त्याची सुरुवात ही अशी एका स्वयंपाकघरात झाली.

ही गोष्ट सांगून बाई मावशीकडे वळल्या व म्हणाल्या, कुत्र्यासाठी चूल पेटवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. फक्त मोजून पेटवा.

दाणे आले कोठून

कुत्र्यासाठी वेगळे विकत अन्न ही कल्पना फार जुनी नाही. सुमारे १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने लंडनच्या गोदीत भटकी कुत्री जहाजावरची टणक बिस्किटे खाताना पाहिली आणि त्यावरून कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली, असे सांगतात. अमेरिकेत १९०८ साली मिल्क-बोन हे बिस्किट आले. १९२० च्या दशकात इलिनॉय राज्यात घोड्याचे मांस डब्यात भरून विकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात कथिलाचा पत्रा सैन्यासाठी लागू लागला, कुत्र्यांचे डबे बंद पडले आणि कोरडे अन्न पुढे आले. १९५७ साली सेंट लुईसच्या प्युरिना कंपनीने न्याहारीच्या फुलवलेल्या धान्यासारखेच यंत्रातून फुलवून काढलेले दाणे बाजारात आणले. आज आपल्या दुकानांतही पिशवीत मिळतात ते हेच.

या दाण्यांवर शेवटी चरबी आणि वासाचा एक थर फवारतात. कारखान्यातले लोक कुत्र्यापुढे दोन थाळ्या ठेवतात आणि तो आधी कोणत्या थाळीकडे जातो व कोणत्या थाळीतले किती खातो हे मोजतात. याचे कारण कुत्र्याच्या नाकात आहे. माणसाच्या जिभेवर सुमारे नऊ हजार रुचिकलिका असतात, तर कुत्र्याच्या जिभेवर सुमारे सतराशेच. तो जेवतो ते मुख्यतः नाकाने. म्हणून पिशवी महिनोन्‌महिने उघडी राहिली, वास उडाला, चरबी खवट झाली, की दाणे तेच असले तरी कुत्रा तोंड फिरवतो. उलट थोडे कोमट पाणी शिंपडले की वास उठतो आणि तो जवळ येतो. युक्ती एवढीच, तिला पैसे पडत नाहीत.

मावशीच्या भाताची बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे राहून कुत्रा भातपोळी पचवायला शिकला. तेव्हा भात त्याला वर्ज्य नाही. पण नुसत्या तूपभातावर त्याचे भागत नाही. त्याला प्रथिने, कॅल्शियम आणि इतर क्षार ठरावीक प्रमाणात लागतात.

तो थोडा बारीक दिसला तर लगेच घाबरू नये. अमेरिकेत १९८७ पासून चौदा वर्षे अठ्ठेचाळीस लॅब्रडॉर कुत्र्यांवर एक पाहणी झाली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिले. कमी खाणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक भरले. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत, ही ओळख पुरे.

नकार केव्हा गंभीर समजावा

मोतीच्या दाढेने मला एक गोष्ट शिकवली. 'लाडावला आहे' हे निदान सर्वांत शेवटी करावे. नेहमी खाणारा कुत्रा अचानक खाईनासा झाला, तर दात, पोट, मूत्रपिंड, यकृत, ताप यांपैकी काहीही असू शकते. मार्च २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या अन्नाचे सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवावी लागली. अन्नात घातलेल्या गव्हाच्या चिकात मेलामाइन नावाचे रसायन मिसळलेले निघाले. त्याने मूत्रपिंडे निकामी होत होती, आणि लोकांना घरी दिसणाऱ्या पहिल्या लक्षणांत एक लक्षण हेच होते की प्राणी जेवेनासा झाला आहे. ज्यांनी 'नखरे करतो' म्हणून तेच अन्न पुढे ढकलले, त्यांना पुढे काय वाटले असेल!

म्हणून मोठ्या कुत्र्याने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही, तर डॉक्टरांना विचारावे. लहान पिल्लू, म्हातारा किंवा आधीच आजारी कुत्रा असेल तर तेवढीही वाट पाहू नये. उलटी, जुलाब, लाळ गळणे, सारखे पाणी पिणे, वजन उतरणे, एका कोपऱ्यात पडून राहणे, यांतले काहीही सोबत असेल तर ताबडतोब न्यावे.

मोतीची शिस्त

मोतीची दाढ काढली. दोन आठवडे त्याला भिजवून मऊ केलेले दाणे आणि बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस दिले, आणि ते त्याने आनंदाने खाल्ले. तोंड पूर्ण बरे झाल्याचे बाईंनी पाहिल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. नियम असे होते. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, दोनच वेळा. दाणे मापाच्या पेल्याने मोजून, त्यावर कोमट पाणी. थाळी वीस मिनिटे ठेवायची, मग काही न बोलता उचलायची. खा रे, घे रे, माझ्या राजा, असे काही नाही. पाणी मात्र चोवीस तास समोर. मधले खाणे बंद. बिस्किट वगैरे द्यायचेच झाले, तर दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या आत, आणि तेही काही काम केल्याबद्दल. टपालवाल्यालाही विनंती केली. आणि अन्न बदलायचे असेल तर एका दिवसात नाही. जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडाभराने पूर्ण बदलायचे.

पहिल्या सकाळी मोतीने वास घेतला आणि आमच्याकडे पाहिले. वीस मिनिटांनी थाळी उचलली. संध्याकाळी तेच झाले. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. रात्री डॉक्टरीणबाईंना फोन केला. खेळतो आहे, पाणी पितो आहे, तोंड बरे आहे, तर सकाळपर्यंत थांबा, असे त्या म्हणाल्या.

रात्री पाणी प्यायला खाली आले, तर स्वयंपाकघरात दिवा दिसला. मावशी भाताची वाटी हातात घेऊन उभी होती. मोती तिच्या पायाशी बसला होता. तिने वाटी खाली ठेवली नव्हती. मला पाहून ती खुर्चीवर बसली.

"तुला सांगू?" ती हळूच म्हणाली, "या घरात सगळे चांगले आहेत. पण सकाळी दुधातलं कोरडं खातात, दुपारी बाहेर खातात, रात्री ज्याला जे हवं ते तो गरम करून घेतो. मी एवढी स्वयंपाक करणारी बाई. माझ्या हातचं रोज वाट बघून खाणारा हा एकटाच होता."

मी काय उत्तर देणार? मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि त्या रात्री तो तूपभात मीच खाल्ला. मोती आम्हा दोघींकडे पाहत राहिला.

सकाळी सात वाजता थाळी मावशीनेच ठेवावी, असे मी बहिणीला सुचवले. का, ते तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग स्वतःच मापाचा पेला आईच्या हातात देऊन आली. मावशीने दाणे मोजले, कोमट पाणी घातले, थाळी ठेवली आणि नियमाप्रमाणे तोंड भिंतीकडे केले. मोतीने वास घेतला. एक दाणा उचलला आणि चावला. दुसरा उचलला. कुडुम कुडुम आवाज आला तेव्हा मावशीने मागे वळून पाहिले नाही, पण तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले. थाळी अर्धी संपली. संध्याकाळी पूर्ण संपली.

त्यानंतर तेथे काही बदल झाले. मोतीचे जेवण हे मावशीचे एकटीचे काम झाले, इतर कोणी त्यात हात घालायचा नाही. डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने ती रविवारी थोडी कोंबडी बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडते आणि दाण्यांवर एक चमचा घालते. आणि बहिणीने ठरवले की रविवारी दुपारी घरातल्या सर्वांनी टेबलाशी बसून आजीच्या हातचे जेवायचे. रुगाय तेव्हा होते, पण ते माणसांच्या ताटात. मोतीला त्या वेळी दाराबाहेर बसायचे असते.

मागच्या महिन्यात फोनवर बोलणे झाले. मोतीचे रक्त सुधारले आहे. तो अधूनमधून अजूनही एखादी वेळ दाणे टाकून पाहतो. मावशी थाळी उचलते आणि दुसऱ्या वेळेची वाट पाहते. मुलाने म्हणे शाळेच्या डब्यासाठी आजीकडे ढोलपुरी मागितली, आणि वर्गातल्या दोघांनी ती चाखून आणखी मागितली.

मी नामदेवांच्या गोष्टीचा पुन्हा विचार केला आहे. नामदेवांचा कुत्रा भुकेला होता आणि पोळी त्याने चोरून नेली होती. मोतीपुढे आठ वाट्या होत्या. दोघांनाही एकच वागणूक लागू पडत नाही. आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ते कुत्र्याकडे नीट पाहून, त्याची पोळी कोरडी आहे हे लक्षात येऊन. मोती डाव्या बाजूने चावत नाही हे त्या घरात जिने पाहिले, ती मावशीच होती. आपल्या दारात कुत्रा असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या थाळीत काय जाते आणि तो ते कसा चावतो, हे एकदा पाहा. चार दिवस वहीत लिहूनही ठेवा. आणि कालवण वेगळे काढायला विसरू नका.